इंदुरात बसून मोठ्या प्रॉडक्ट कंपनीची मुलाखत: फेऱ्या, तयारी, ऑफर आणि रुजू झाल्यावरचं काम

रामबागी (धागाकर्ता)

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस, खंडवा रोडला क्रिस्टल आयटी पार्क, विजय नगरात लहानमोठ्या कंपन्या. इंदुरातली बरीच मराठी मुलंमुली सर्व्हिस कंपनीत (क्लायंटसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या) तीन ते पाच वर्षं काढतात आणि मग बंगळुरू, हैदराबाद, पुण्याच्या मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांकडे (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) बघायला लागतात. प्रश्न सगळ्यांचे तेच. फेऱ्या किती, नेमकं काय तपासतात, कोडिंगचे किती प्रॉब्लेम सोडवायचे, नोटीस ९० दिवसांची असेल तर काय, ऑफरमधला आकडा कितपत खरा. जाणकारांनी तपशिलात लिहा म्हणजे सगळं एका जागी राहील.

दोनच विनंत्या. अमक्या कंपनीत हा प्रश्न आला, असलं काही फोडू नका. मुलाखतीआधी बहुतेक ठिकाणी गुप्ततेची अट मान्य करावी लागते. आणि 'मेहनत करा, यश मिळेलच' छापाचे प्रतिसाद नकोत.

घाटमाथा

निर्णय कोण घेतं, इथून सुरुवात करतो, कारण बऱ्याच जणांची तयारी इथेच भरकटते. मोठ्या कंपनीत समोर बसलेला माणूस तुम्हाला एकट्याने घेत नाही आणि नाकारतही नाही. तो एक नोंद लिहितो: प्रश्न काय दिला, उमेदवार काय बोलला, कोड कुठवर आला, इशारे किती द्यावे लागले, आणि शेवटी स्वतःचं मत. चार-पाच जणांच्या अशा नोंदी जमतात. गूगलमध्ये त्या हायरिंग कमिटीपुढे जातात. कमिटीतल्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलं नसतं. ॲमेझॉनमध्ये सगळे मुलाखतकार मिळून चर्चा करतात. त्यात 'बार रेझर' म्हणून दुसऱ्या टीममधला, खास प्रशिक्षण घेतलेला एक जण असतो आणि त्याचा नकार डावलून भरती होत नाही.

म्हणजे तुमचं काम काय? समोरच्याला लिहिण्याजोगं काहीतरी देणं. वीस मिनिटं गप्प राहून अचूक कोड लिहिलात, तर नोंदीत एवढंच येतं की उत्तर आलं, विचारप्रक्रिया कळली नाही, प्रश्न पाठ असावा. उलट 'आधी साधा मार्ग, तो एन वर्ग (इनपुटच्या आकाराच्या वर्गाएवढा) वेळ घेतो, इनपुट दोन लाखांपर्यंत असेल तर चालणार नाही, म्हणून हॅश टेबल' हे मोठ्याने बोललात तर तीन वाक्यं तशीच्या तशी नोंदीत उतरतात.

फेऱ्यांचा क्रम साधारण असा. रिक्रूटरचा अर्ध्या तासाचा फोन, मग घरून द्यायची ऑनलाइन परीक्षा किंवा एक कोडिंगची मुलाखत, किंवा दोन्ही. त्यानंतर मुख्य लूप: चार-पाच मुलाखती, प्रत्येकी ४५ ते ६० मिनिटं, एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत विभागून. त्यात दोन कोडिंग, एक सिस्टिम डिझाइन (मोठी प्रणाली कशी उभारायची), एक वागणुकीबद्दल आणि एक मॅनेजरबरोबर. अगदी नव्या पदवीधरांना डिझाइन सहसा नसतं. लूपची तारीख पुढे ढकलून मागता येते आणि रिक्रूटरला त्यात काही वावगं वाटत नाही. तयारी नसताना 'उद्या चालेल' म्हणण्यापेक्षा तीन आठवडे मागा.

शेव_जास्त

आणि रिझ्युमे? तिथेच गाडी अडते अनेकांची.

छत्रीबाग

एक पान. दहा वर्षांच्या आत अनुभव असेल तर दुसरं पान नकोच. साधा एका स्तंभाचा मजकूर ठेवा. दोन स्तंभ, चिन्हं, कौशल्यांचे रंगीत पट्टे असले की वाचणारं सॉफ्टवेअर ओळी एकमेकांत मिसळतं. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, 'डिक्लरेशन' सगळं काढून टाका.

सर्व्हिस कंपनीतल्यांचा नेहमीचा दोष असा की प्रत्येक ओळ जबाबदारीची असते. 'बँकिंग मॉड्यूलवर काम केले', 'टीमसोबत समन्वय साधला' वगैरे. यातून काही कळत नाही. ओळ अशी हवी: काय बदललं, कशाने, किती फरक पडला. 'रोजचा हिशोब जुळवणारा जॉब ३ तास घेत होता. एकेक ओळ वाचण्याऐवजी एक हजाराच्या तुकड्यांनी वाचन केले आणि हरवलेला इंडेक्स जोडला, वेळ २५ मिनिटांवर.' आकडा खरा असू द्या, कारण त्यावर अर्धा तास खोदकाम होऊ शकतं. क्लायंटचं नाव करारात गुप्त असेल तर 'एक मोठी युरोपीय बँक' एवढं पुरतं.

रेफरल (कंपनीतल्या माणसाची शिफारस) मागताना नुसतं 'रेफर कराल का' असं पाठवू नका. जॉबचा क्रमांक, एक पानी पीडीएफ आणि आपण का बसतो याच्या तीन ओळी पाठवा. समोरच्याचं काम दोन मिनिटांचं झालं की तो करतो. मात्र रेफरलने रिझ्युमे माणसाच्या नजरेस पडतो, एवढंच. पुढच्या फेऱ्यांत त्याचा उपयोग शून्य.

पाताळपाणी

कोडिंगबद्दल लिहितो, जरा लांबेल.

४५ मिनिटांतली पाच ओळखपाळखीत जातात, शेवटची पाच तुमच्या प्रश्नांसाठी. हातात ३५ राहतात. काही ठिकाणी त्यात दोन प्रश्न असतात, म्हणजे एकाला १७. ही गणितं आधीच पक्की असली की दहाव्या मिनिटाला घाम फुटत नाही.

प्रश्न आला की लगेच टाइप करू नका. आधी तो आपल्या शब्दांत परत सांगा. मग विचारा: रिकामं इनपुट येईल का, आकडे ऋण असतील का, पुनरावृत्ती आहे का, क्रम लावलेला आहे का, आकार केवढा? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आकारावरून उत्तराचा प्रकार बराचसा ठरतो. एका सेकंदात ढोबळपणे १० कोटी साध्या क्रिया धरा. आकार २० च्या आसपास असेल तर सगळे उपसंच तपासले तरी साडेदहा लाखच होतात, खुशाल तपासा. ५,००० असेल तर लूपमध्ये लूप चालतो, अडीच कोटी. एक-दोन लाख म्हटलं की सॉर्टिंग, हीप, बायनरी सर्च, हॅश टेबल किंवा सरकती खिडकी (स्लायडिंग विंडो) यांपैकी काहीतरी. आणि आकडा अब्जांच्या पुढे असेल तर लूप विसरा. गणिती सूत्र किंवा उत्तरावरच बायनरी सर्च.

मग एक छोटं उदाहरण हाताने सोडवा, साधा मार्ग त्याच्या वेळेसकट सांगा, सुधारलेला मार्ग सांगा आणि 'हा लिहू का?' असं विचारा. हे विचारणं फुकटचा इशारा मिळवण्याची जागा आहे: मार्ग चुकीचा असेल तर समोरचा बहुधा इथेच अडवतो. लिहून झालं की 'झालं' म्हणू नका. एक उदाहरण ओळीने चालवून दाखवा, चलांच्या किमती बाजूला लिहीत. निम्म्या चुका इथे सापडतात, आणि स्वतः पकडलेली चूक नोंदीत तुमच्या बाजूने जाते.

आता भाषेतल्या खोड्या. जावात बत्तीस बिटांचा आकडा २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. बेरजा-गुणाकार असले की लाँग वापरा. कंपॅरेटरमध्ये वजाबाकी करून तुलना करू नका, मोठ्या ऋण आकड्यांना ती उलटते. इंटिजर ऑब्जेक्ट दोन बरोबर-चिन्हांनी तपासले तर १२७ पर्यंत ठीक चालतं आणि १२८ ला फसतं, कारण उणे १२८ ते १२७ एवढेच आधीपासून साठवलेले असतात. बायनरी सर्चमध्ये दोन टोकांची बेरीज करून अर्धी केली तर ओव्हरफ्लोची शक्यता. जावाच्या अधिकृत लायब्ररीतही ही चूक अनेक वर्षं होती आणि २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली गेली. पायथनवाल्यांनो, यादीच्या सुरुवातीचा घटक काढणं दरवेळी पूर्ण यादी सरकवतं, त्यामुळे बीएफएसला (ग्राफमध्ये थराथराने शोधताना) डेक (दोन्ही टोकांनी उघडी रांग) वापरा. रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) मर्यादा मुळात १,००० आहे. एक लाख नोडच्या लिंक्ड लिस्टवर रिकर्शन लिहिलंत तर कोसळणारच.

शेव_जास्त

भिया, एवढं सगळं ठीक, पण आकडा सांगा. किती प्रॉब्लेम?

पाताळपाणी

सव्वाशे ते दीडशे, पण प्रत्येक दोनदा: एकदा शिकताना आणि दहा-बारा दिवसांनी पाटी कोरी ठेवून. पाचशे एकेकदा सोडवणाऱ्यांपेक्षा हे जास्त टिकतं. ॲरे-हॅश, दोन बोटं (टू पॉइंटर्स), सरकती खिडकी, बायनरी सर्च, स्टॅक, ट्री, ग्राफमधलं बीएफएस-डीएफएस, हीप, इंटरव्हल आणि टोपोलॉजिकल सॉर्ट या क्रमाने जा. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शेवटी. त्याची भीती अकारण जास्त आहे आणि ग्राफकडे दुर्लक्षही तेवढंच. ग्रिडमध्ये मार्ग शोधा, कोर्सेसचा क्रम लावा, शब्दापासून शब्दापर्यंत जा, हे सगळे ग्राफच आहेत, फक्त वेषांतर केलेले.

एका प्रॉब्लेमवर २५ ते ३० मिनिटं. नाही सुटला तर उत्तर बघा, पण बंद करून पुन्हा लिहा. बघून 'कळलं' म्हणणं आणि लिहिता येणं यात खूप अंतर आहे.

चोरल

पाताळपाणी, तुमचं बाकी सगळं मान्य, पण ज्यांचा अनुभव चार वर्षांच्या पुढे आहे त्यांनी सगळा वेळ कोडिंगला दिला तर पस्तावतील. कोडिंगने दार उघडतं. लेव्हल (कंपनीतली तुमची पायरी) मात्र मुख्यतः डिझाइन ठरवतं. आणि लेव्हल खाली गेली की पगाराची वरची मर्यादाही खाली जाते.

डिझाइनमध्ये लोक तयार आकृत्या पाठ करून येतात: लोड बॅलन्सर, कॅशे, क्यू, शार्डिंग (डेटा अनेक सर्व्हरवर वाटणं). मुलाखतकाराने 'का?' विचारलं की सगळं कोसळतं. आपलंच उदाहरण घेऊ. समजा शहरात नळाला पाणी कधी सुटणार याचा संदेश नागरिकांना पाठवायचा आहे. ५ लाख घरं, पाणी सकाळी ६ ला, संदेश ५:५० पर्यंत पोचायला हवा आणि वेळापत्रक ५:४० ला कळतं. म्हणजे १० मिनिटांत ५ लाख संदेश, सेकंदाला साधारण ८३३.

आता पहिला खरा प्रश्न: एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा किती घेते? समजा सेकंदाला २००. मग लागतील २,५०० सेकंद, जवळजवळ ४२ मिनिटं. तुमचे सर्व्हर कितीही वाढवा, अडथळा बाहेर आहे. मग पर्याय बोला. दोन-तीन पुरवठादार, ॲप असलेल्यांना पुश आणि बाकीच्यांनाच एसएमएस, किंवा ज्या झोनला पाणी आधी येतं त्याचे संदेश आधी. हे बोललात की मुलाखतकाराचं पेन चालू होतं.

पुढे साठवण. एका संदेशाची नोंद २०० बाइट धरली तर ५ लाखांचे १०० एमबी होतात. रोज पाठवलं तरी वर्षाला ३६-३७ जीबी. हे एका साध्या डेटाबेसमध्ये आरामात मावतं. इथे शार्डिंग काढणारा उमेदवार पाठांतर करून आला आहे हे लगेच कळतं.

मग बिघाड. पुरवठादाराने उत्तर दिलं नाही म्हणजे संदेश गेला नाही असं नाही. गेला असेल आणि उत्तर वाटेत हरवलं असेल. पुन्हा पाठवला तर एका घरी दोन संदेश. म्हणून घर आणि दिवस मिळून एक ओळखकिल्ली करायची आणि तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर सोडून द्यायची. पुन्हा प्रयत्न करताना मधला वेळ दुप्पट करत जा, १ सेकंद, २, ४, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर सगळे अपयशी संदेश एकाच क्षणी परत धडकतील. आणखी एक. तीन थर असतील आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल, तर सगळ्यात खालच्या सेवेवर एका विनंतीच्या २७ होतात. ती सेवा आधीच आजारी असते, या २७ विनंत्या तिला संपवतात. प्रयत्न एकाच थरात ठेवा.

आणि या उदाहरणाची खरी गंमत मुदतीत आहे. ८ वाजता पोचलेला पाण्याचा संदेश नुसता निरुपयोगी नाही, वर मनस्ताप. म्हणून प्रत्येक संदेशाला मुदत हवी. ती उलटली की क्यूमधून टाकून द्यायचा. हे ज्याला आपसूक सुचतं त्याने कधीतरी चालती प्रणाली सांभाळली आहे, असा निष्कर्ष निघतो.

तोंडपाठ असावेत असे आकडे थोडेच. दिवसात ८६,४०० सेकंद, हिशोबाला एक लाख धरा. म्हणजे दिवसाला १ कोटी विनंत्या म्हणजे सेकंदाला शंभर-सव्वाशे, गर्दीच्या वेळी तिप्पट. उपलब्धता ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद चालतं, ९९.९९ म्हणजे सव्वाचार मिनिटं. बासष्ट अक्षरांचे सात-सात घेऊन छोटे दुवे बनवले तर साडेतीन लाख कोटी होतात.

पाताळपाणी

चोरल, मान्य. चार वर्षांपुढे निम्मा वेळ डिझाइनला. पण पहिल्या फोनमध्येच कोडिंग असतं, ते उडालं तर डिझाइन दाखवायची संधीच येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

निमाडकर

वागणुकीच्या फेरीला 'गप्पांची फेरी' समजून लोक मोकळे जातात आणि तिथेच पडतात. ॲमेझॉनची नेतृत्वाची तत्त्वं (लीडरशिप प्रिन्सिपल्स) १६ आहेत (२०२१ मध्ये १४ ची १६ झाली) आणि तिथे जवळपास प्रत्येक मुलाखतीत त्यांवर दोन-तीन प्रश्न असतात. इतर कंपन्या यादी छापत नसल्या तरी विचारतात तेच: मतभेद झाला तेव्हा काय केलंत, मुदत चुकली तेव्हा, अपुरी माहिती असताना निर्णय कसा घेतलात, कामाचा दर्जा कुठे वाढवलात.

आठ प्रसंग लिहून ठेवा. प्रत्येक प्रसंग दोन-तीन तत्त्वांना चालला पाहिजे. परिस्थिती दोन वाक्यांत, तुमच्यावर काय होतं ते एका वाक्यात, तुम्ही केलं ते सगळ्यात जास्त, शेवटी परिणाम आकड्यात. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं. बहुतेकांचं उलटं होतं: पार्श्वभूमीच तीन मिनिटं चालते, प्रोजेक्टची वंशावळ, क्लायंटचा इतिहास, आणि मुद्द्याशी येताना वेळ संपतो.

दुसरी अडचण 'आम्ही'ची. आम्ही ठरवलं, आम्ही मायग्रेट केलं. घाटमाथा म्हणाले तसं, मुलाखतकाराला नोंदीत तुमचं नाव लिहायचं आहे, टीमचं नाही. टीमचा उल्लेख जरूर करा, पण कोणता भाग तुम्ही सुचवला, कोणता तुम्ही लिहिला, कोणाला कसं पटवलं, हे वेगळं काढून ठेवा. आपल्याकडे स्वतःचं कौतुक करणं बरं दिसत नाही, ते ठीक. पण घडलेलं सांगणं म्हणजे फुशारकी नव्हे.

अपयशाच्या प्रश्नाला 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' हे उत्तर कृपया नको. खरं अपयश, त्याचं कारण, आणि त्यानंतर प्रक्रियेत काय बदललं. टेस्ट जोडली? अलार्म लावला? डिप्लॉयआधी (बदल चालू प्रणालीवर नेण्याआधी) दुसऱ्याची नजर अनिवार्य केली? तो बदल हाच उत्तराचा गाभा.

सराफा_रात्री

घरून मुलाखत देणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात वीज पाच मिनिटांसाठी जरी गेली तरी राउटर बंद पडतो आणि परत जोडायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. आपल्या राउटरच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते बघून घ्या. नऊ व्होल्टचे राउटरही असतात. फोनचं हॉटस्पॉट आधीच एकदा लॅपटॉपला जोडून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधावा लागत नाही. रिक्रूटरचा फोन नंबर कागदावर. संपर्क तुटला तर लगेच कळवा, तांत्रिक खंडाबद्दल सहसा कोणी गुण कापत नाही.

सराव ऑटोकम्प्लीट बंद करून, साध्या मजकुराच्या खिडकीत करा. बऱ्याच ठिकाणी कोड चालवायला मिळत नाही. इंग्रजीत मोठ्याने बोलत लिहायची सवय वेगळी लावावी लागते. ऑफिसात दिवसभर हिंदीत आणि घरी मराठीत बोलणाऱ्याचा वेग इथे अर्ध्यावर येतो. रोज एक सुटलेला प्रॉब्लेम फोनवर रेकॉर्ड करत समजावून सांगा आणि ऐका.

ऑनलाइन परीक्षेत टॅब बदलल्याची, बाहेरून चिकटवलेल्या मजकुराची नोंद होते. कंपनीने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर एआयची मदत घेऊ नका. पकडणं अवघड नसतं: 'ही ओळ काढली तर काय होईल?' एवढा एक प्रश्न पुरतो. काही कंपन्या आता एखादी फेरी ऑफिसात बोलावून घेतात. तसं असेल तर प्रवासखर्च कोण देणार ते आधी लेखी विचारा.

शेव_जास्त

आणि मुलाखतीआधी जीरावन मारलेले तीन प्लेट पोहे नकोत, हे राहिलंच.

सराफा_रात्री

एक प्लेट चालेल. जलेबी ऑफर आल्यावर.

छत्रीबाग

ऑफरवर येऊ. समजा फोनवर ४० लाख सांगितले. फोड अशी निघू शकते: ठरलेला पगार (बेस) २४ लाख, बोनसचं लक्ष्य १५ टक्के म्हणजे ३.६ लाख, जॉइनिंग बोनस ४ लाख, आणि चार वर्षांत मिळून ३२ लाखांचे शेअर, म्हणजे वर्षाला ८ धरून बेरीज ३९.६. आता शेअर मिळण्याचा क्रम बघा. काही ठिकाणी दरवर्षी २५ टक्के असतात, काही ठिकाणी ५, १५, ४०, ४०. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षी फक्त १.६ लाखांचे शेअर हातात येतात. बोनस बहुधा पुढच्या वर्षी, तोही कामगिरीनुसार. म्हणजे पहिल्या बारा महिन्यांत २४ + ४ + १.६, एकोणतीस लाख साठ हजार, तेही करापूर्वी. चाळीस नव्हे. फसवणूक नाही ही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही. शिवाय काही कंपन्या ग्रॅच्युइटी (मूळ वेतनाच्या, म्हणजे बेसिकच्या ४.८१ टक्के) आणि पीएफचा मालकाचा हिस्साही बेरजेत धरतात.

जॉइनिंग बोनसची अट वाचा. वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो, आणि काही करारांत करापूर्वीची पूर्ण रक्कम मागतात, जी तुमच्या हातात कधी आलेलीच नसते.

शेअर मिळाले त्या दिवशीच्या किमतीवर पगारासारखा कर लागतो. कंपनी सहसा काही शेअर विकून तो भरते. अमेरिकी कंपनीचे शेअर असतील तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात, विकले नसले तरी, आणि तो तक्ता आर्थिक नव्हे तर कॅलेंडर वर्षाचा असतो. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या कंपनीतल्या उत्पन्नाचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोघेही (नव्या करपद्धतीतली) ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब वेगवेगळे धरतात आणि जुलैत विवरणपत्र भरताना लाखभराचा कर अंगावर येतो.

रामबागी

९० दिवसांच्या नोटिशीचं काय? त्यावरून ऑफर जाते का?

घाटमाथा

मोठ्या कंपन्या बहुधा थांबतात, त्यांना हे माहीत असतं. पहिल्याच फोनवर खरा आकडा सांगा. 'तीस दिवसांत येतो' म्हणून नंतर नव्वद सांगणं वाईट. सहीचं पत्र हातात आल्याशिवाय आणि पार्श्वभूमी तपासणीत काय काय बघणार ते विचारल्याशिवाय राजीनामा टाकू नका. नोटीस पैसे भरून कमी करता येते का, हे तुमच्या नेमणूकपत्रात असतं. 'कंपनीच्या मर्जीने' असे शब्द असतील तर तो तुमचा हक्क नाही. नवी कंपनी ती रक्कम भरून देते का, हेही विचारायला हरकत नाही.

तपासणीत रुजू-सोडल्याच्या तारखा, पदवी आणि पीएफचा इतिहास बघतात. एकाच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर आल्या तर लगेच दिसतं. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली आहे का ते पोर्टलवर तपासा. नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी स्वतः भरता येते. रिलीव्हिंग लेटर सहसा नंतर मिळतं, पण शेवटच्या तीन पगारपावत्या कंपनीचा लॅपटॉप परत करण्याआधी डाउनलोड करून घ्या. कोड किंवा कागदपत्रं मात्र एकही नाही.

चोरल

रुजू झाल्यावरचं थोडं, कारण धाग्याच्या शीर्षकात ते आहे आणि कोणी हात लावला नाही.

पहिल्या आठवड्यात एक छोटा बदल शेवटपर्यंत न्या, लॉगमधली एक ओळ असली तरी चालेल. बिल्ड, टेस्ट, रिव्ह्यू, डिप्लॉय, कुठे परवानगी लागते, सगळं त्यातून कळतं. रिव्ह्यूला लहान तुकडे पाठवा, दीडशे-दोनशे ओळींचे. हजार ओळींच्या बदलाला 'छान आहे' एवढाच शेरा येतो, कारण कोणी वाचतच नाही. नावं बदलणं आणि वागणूक बदलणं एकाच तुकड्यात मिसळू नका.

डेटाबेसचा रकाना बदलायचा तर एका फटक्यात कधीच नाही. डिप्लॉय चालू असताना जुना आणि नवा कोड काही काळ एकत्र चालतो, आणि जुन्याला नवा रकाना माहीत नसतो. आधी रिकामा चालेल असा नवा रकाना जोडा. मग दोन्हीकडे लिहा. जुना डेटा हजार-दोन हजार ओळींच्या तुकड्यांनी भरा, एकदम भरलात तर टेबल अडकून पडेल. मग वाचन नव्यावर न्या, काही दिवस थांबा, जुन्यात लिहिणं बंद करा, आणि शेवटी जुना रकाना काढा. सहा वेगळे टप्पे होतात. सर्व्हिस कंपनीतून आलेल्यांना हे संथ वाटतं, कारण रात्री सिस्टिम बंद ठेवून बदल करायची सवय असते. इथे बंद ठेवायची सोय नसते.

ऑन-कॉलला (बिघाड सांभाळायच्या पाळीवर) असताना अलार्म वाजला की कारण शोधत बसू नका. गेल्या तासाभरात काय डिप्लॉय झालं ते बघा, संशय असेल तर मागे घ्या, मग शोधा. डेटाचं रूप बदलणारा डिप्लॉय असेल तर मात्र मागे घेण्याआधी विचारा. जुना कोड नवा डेटा वाचू शकेलच असं नाही.

बढतीचं गणित मुलाखतीसारखंच आहे. तुमच्या मॅनेजरला इतर मॅनेजरांसमोर तुमची बाजू मांडावी लागते आणि त्यांतल्या निम्म्यांनी तुमचं काम पाहिलेलं नसतं. म्हणून डिझाइनचे दस्तऐवज, निर्णयाच्या ईमेल, आधी-नंतरचे आकडे दर आठवड्याला एका फाइलमध्ये टाकत जा. वर्षाअखेरीस आठवून लिहिणाऱ्याला फक्त शेवटचे दोन महिने आठवतात.

शेव_जास्त

नकार आला तर पुन्हा कधी?

निमाडकर

साधारण सहा महिने ते वर्ष, कंपनीप्रमाणे बदलतं; रिक्रूटरला नेमका अवधी विचारा. सविस्तर कारण बहुधा देत नाहीत, पण 'कोडिंग कमी पडलं की डिझाइन?' एवढं विचारलं तर पुष्कळदा सांगतात. पूर्ण नकाराऐवजी एक लेव्हल खाली ऑफर आली तर लगेच नाही म्हणू नका. जुन्या पगाराशी नाही तर त्या लेव्हलच्या वरच्या मर्यादेशी तुलना करा आणि त्या लेव्हलवरून पुढे जायला तिथे सहसा किती वेळ लागतो ते मॅनेजरला विचारा.

रामबागी

आणखी एक प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. इंदुरातूनच काम करू देतील का?

छत्रीबाग

फोनवरचं 'हो, रिमोट चालतं' ग्राह्य धरू नका. ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण हा रकाना असतो. तिथे बंगळुरू लिहिलं असेल तर कंपनी कधीही आठवड्याचे तीन किंवा पाच दिवस ऑफिसात बोलावू शकते, आणि तेव्हा मॅनेजरच्या तोंडी शब्दाला किंमत नसते. इंदूर लिहून मिळत असेल तर शहराप्रमाणे पगार कमी होतो का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. काही कंपन्या करतात. बंगळुरूला जायचंच असेल तर स्थलांतराची रक्कम, पहिल्या १५ ते ३० दिवसांची राहण्याची सोय आणि सामानाचा ट्रक, तिन्ही वेगवेगळे मागा. तिथे घराचं डिपॉझिट अनेक महिन्यांच्या भाड्याएवढं मागतात आणि ते पहिल्या पगाराच्या आधी द्यावं लागतं.

शेव_जास्त

वाचनखूण साठवली. रविवारी सकाळी ११ ला दोघं-दोघं मॉक (सराव मुलाखत) करू, ज्यांना जमेल त्यांनी इथेच नाव टाका. एकाने प्रश्न द्यायचा, आणि मुलाखत झाल्यावर घाटमाथा म्हणतात तशी नोंद खरंच लिहून समोरच्याला वाचायला द्यायची.